सातव्या तारेची तक्रार

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती, तेव्हा उत्तरही सविस्तरच देतो.

स्ट्रोब ट्यूनरवर (सरकत्या पट्ट्यांनी स्वराची चूक दाखवणारं यंत्र; पट्टे थांबले की स्वर जुळला) पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवून वाजवायची गिटार; पायाने दाबायचे पेडल आणि गुडघ्याने दाबायचे लीव्हर तिच्या ठरावीक तारांचा स्वर बदलतात) कशी लावायची, या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत त्याचा गाभा असा: तक्त्यातले सेंटचे (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आकडे तंतोतंत लावले, स्ट्रोबचे पट्टे खिळल्यासारखे उभे राहिले, आणि तरी ए व बी पेडल दाबून सातवी तार छेडली की कॉर्ड डुगडुगते. त्यावर तीन टोमणे. तानपुरा लावताना कुणी यंत्राकडे बघत नाही. स्टीलला पडदे नसतात, मग बार इकडेतिकडे करून सगळं सावरता येतंच. आणि ०.१ सेंटची अचूकता हा निव्वळ पैसे काढण्याचा प्रकार आहे, फोनवरचं फुकट अ‍ॅप पुरतं.

सातव्या तारेची तक्रार रास्त आहे. तुमच्या कानाचं काही चुकलेलं नाही, तक्ताच अपुरा होता. ई९ मांडणीत (दहा तारा लावायची एक प्रचलित पद्धत) त्या तारेसमोर मी ‘एफ शार्प, +४ सेंट’ एवढंच लिहून सोडून दिलं होतं. हा आकडा कुठून आला आणि कुठे चालत नाही, ते सांगायला हवं होतं.

चौथी तार ई शून्यावर धरा. (इथले सगळे सेंट ट्यूनरवरच्या त्या त्या स्वराच्या शून्यापासूनचे आहेत, म्हणजे इक्वल टेम्परामेंटपासूनचे, सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या कीबोर्डच्या पद्धतीपासूनचे.) पाचवी तार बी ही तिचा पंचम, ३:२, म्हणून +२. तिसरी आणि सहावी जी शार्प म्हणजे ईचा गांधार, ५:४, म्हणून −१३.७. आता बी पेडलने जी शार्पचा ए होतो. तो ईचा मध्यम, म्हणून −२. ए पेडलने पाचव्या तारेच्या बीचा सी शार्प होतो. तो ए मेजर कॉर्डचा गांधार असल्यामुळे −१५.६ वर बसतो. इथपर्यंत सगळं एकमेकांशी जुळतं, कुठेच ओढाताण नाही.

एफ शार्प मात्र दोन घरचा पाहुणा आहे. मोकळ्या बीच्या जोडीला तो बीचा पंचम म्हणून येतो, तेव्हा त्याची जागा +३.९. ई तारा अर्धा स्वर उतरवणारा लीव्हर दाबून ५, ६, ७, ८ वाजवलंत तर हीच जागा गोड लागते, आणि तक्त्यातला +४ तिथूनच आला. पण ए आणि बी पेडल खाली असताना सी शार्प हा एफ शार्पचा पंचम होतो. त्या सी शार्पशी जुळायचं तर एफ शार्प −१७.६ वर हवा. दोन जागांमधलं अंतर २१.५ सेंट, म्हणजे बरोब्बर ८१:८० चं गुणोत्तर. आपल्याकडे श्रुतींची चर्चा करताना ज्याला प्रमाणश्रुती म्हणतात तेच हे अंतर. तक्त्याप्रमाणे लावलेली सातवी तार १८५.४ हर्ट्झवर आणि पेडलचा सी शार्प २७४.७ हर्ट्झवर असतो. पहिल्याचा तिसरा आणि दुसऱ्याचा दुसरा अंशस्वर (मूळ कंपनाच्या पटीत उमटणारा वरचा स्वर) एकमेकांवर आदळतात आणि सेकंदाला जवळजवळ ७ ठोके पडतात, म्हणजे आवाज तितक्या वेळा लहानमोठा होतो. तुम्हाला ऐकू आलेली डुगडुग तीच.

यावर एकच एक बिनचूक आकडा निघत नाही. तार एक आणि जागा दोन, मग निघणार कसा? तीन मार्ग आहेत. पहिला तडजोडीचा: सातवी −७ वर ठेवा, म्हणजे सी शार्पशी साधारण साडेतीन आणि पाचव्या तारेच्या बीशी साडेचारच्या आसपास ठोके पडतात. वेगाने सरकणाऱ्या चालीत ते खपतात, संथ गाण्यात लांब धरलेल्या कॉर्डमध्ये कानाला लागतात. दुसरा मार्ग वापरानुसार ठरवायचा. पहिली आणि सातवी तार दोन्ही एफ शार्पच, पण त्या एकत्र क्वचित वाजतात. तेव्हा पहिली शून्याच्या आसपास ठेवून सातवी −१२ पर्यंत उतरवता येते. पेडल दाबून ५, ६, ७ चा वापर जास्त असेल तर माझं मत याच बाजूने. तिसरा मार्ग कारागिरीचा: ए पेडललाच एक जादा पुल-रॉड (तारेची यंत्रणा ओढणारी सळई) जोडून पेडल दाबल्यावर सातवी तार आपोआप तेवढीच उतरेल अशी सोय. त्यासाठी चेंजरमध्ये (तारा चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या यंत्रणेत) सातव्या तारेला उतरवायची जागा मोकळी हवी. शिवाय रॉडची ओढ फार थोडी लागते, त्यामुळे बेलक्रँकचं (पेडलची हालचाल रॉडकडे वळवणाऱ्या तरफेचं) सर्वांत कमी हालचालीचं छिद्र निवडावं लागतं. नाहीतर २१ सेंटऐवजी अर्धा स्वर उतरतो आणि रॉडच्या टोकाचा नट कितीही सैल केला तरी नीट जमत नाही.

सी पेडलचं वेगळं. त्याने चौथी तार एफ शार्प आणि पाचवी सी शार्प होते, दोघी नेहमी बरोबरच चालतात. म्हणून तिथे एफ शार्प सरळ −१७.६, वादच नाही.

एफ लीव्हरबद्दलही लेखात कमीच लिहिलं गेलं. ए पेडल आणि एफ लीव्हर मिळून सी शार्प मेजर कॉर्ड होते आणि तिचा गांधार म्हणजे लीव्हरने चढवलेली ई. आधीच −१५.६ वर असलेल्या सी शार्पचा तो नैसर्गिक गांधार, त्यामुळे ट्यूनरवर ती एफ −२९.३ अशी दिसते. नव्या माणसाला हा आकडा छापखान्याची चूक वाटतो आणि तो −१३ वर लावून मोकळा होतो. मग कॉर्ड कर्कश का वाटते, ते कळत नाही.

तुमच्या ट्यूनरवर सेंट दिसत नसतील, फक्त ए ४४० वरखाली करता येत असेल, तर १ हर्ट्झ म्हणजे जवळपास ४ सेंट. जी शार्प ४३६.५, ए पेडलचा सी शार्प ४३६, एफ लीव्हर ४३२.६, बी ४४०.५, दुसऱ्या तारेचा डी शार्प ४३७.

आता बार. पडदे नाहीत हे खरं, पण सरळ धरलेला बार सगळ्या तारा एकाच प्रमाणात चढवतो-उतरवतो. मोकळ्या तारांमध्ये जे अंतर चुकलं, तेच पाचव्या घरात चुकणार आणि बाराव्यातही. बार सरकवून अख्खी कॉर्ड बँडशी जुळवता येते, कॉर्डच्या आतलं भांडण मिटत नाही. बार तिरका धरून काही जोड्या सावरता येतात हे कबूल. पण हिशोब बघा: २४ इंच स्केलच्या वाद्यावर पाचव्या घरात १ सेंट म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. १४ सेंटची चूक भरून काढायला दोन तारांमध्ये बार साडेतीन मिलिमीटरहून जास्त तिरका करावा लागेल आणि बाराव्या घरात हेच माप अडीच मिलिमीटर होईल. शिवाय मधल्या तारांचं काय?

तानपुऱ्याचं उदाहरण मात्र मला आवडलं, कारण ते माझ्याच बाजूने बोलतं. नीट जुळलेल्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो ५:४ चाच असतो, म्हणजे वर दिलेला −१३.७. ज्याच्या कानावर तानपुऱ्याचे संस्कार आहेत त्याला टेम्पर्ड गांधार चढा लागणारच. पण तानपुऱ्याला तारा चार आणि त्या वाजवताना जागच्या हलत नाहीत. इथे दहा मोकळ्या तारा, आणि ३ पेडल व ४ लीव्हरच्या मांडणीत आणखी डझनभर तरी थांबे, म्हणजे पेडल-लीव्हरने बदललेले स्वर. यातला प्रत्येक थांबा वेगळ्या नटावर लावायचा आणि एक हलला की दुसऱ्यावर परिणाम. एवढं सगळं गोंगाटाच्या स्टेजवर, दोन गाण्यांच्या मधल्या मिनिटात, कानाने तपासणं अवघड. म्हणून क्रम असा ठेवा: शांत खोलीत कानाने लावा, ठोके थांबेपर्यंत. मग प्रत्येक तार आणि प्रत्येक पेडल स्ट्रोबवर बघून आकडा टिपून घ्या. तो तुमचा तक्ता. माझा तक्ता फक्त सुरुवातीपुरता.

०.१ सेंटबद्दल तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. चौथ्या तारेच्या ईवर ०.१ सेंट म्हणजे ०.०१९ हर्ट्झ. एक पट्टा सरकत शेजारच्या पट्ट्याच्या जागी यायला जवळपास ५२ सेकंद लागतील. तोवर तार विझलेली असते, आणि विझता विझता तिचा स्वरही उतरलेला असतो. त्यामुळे पट्टे अगदी थिजले पाहिजेत असा हट्ट धरू नका. स्ट्रोबचा फायदा दुसरा आहे: तो सरासरी काढून सुई दाखवत नाही, स्वर कुठल्या दिशेने आणि किती वेगाने सरकतोय ते त्याच क्षणी दाखवतो. फोनचं अ‍ॅप १ सेंटपर्यंत दाखवत असेल आणि स्वतःचे आकडे साठवू देत असेल, तर घरच्या सरावाला ते खुशाल वापरा. माइकऐवजी पिकअपचा सिग्नल थेट द्या, नाहीतर पंख्याची घरघरही त्यात मिसळते.

ट्यूनर वाचताना होणारी नेहमीची चूक म्हणजे छेडल्या छेडल्या बघणं. तार जोरात ओढली की पहिला क्षण स्वर चढा असतो, बारीक .०११ च्या तिसऱ्या तारेवर तर जास्तच. वाजवताना जेवढा जोर लावता तेवढ्याच जोराने छेडा, सेकंदभर थांबा, मग वाचा. बाकीच्या तारांवर तळवा टेकवलेला हवा, नाहीतर त्यांच्या गुंजनाने पट्टे थरथरतात. वेगवेगळ्या सप्तकांच्या ओळी दिसत असतील तर मूळ स्वराच्या ओळीकडे बघा. जाड साध्या तारेत वरचे अंशस्वर थोडे चढेच असतात, त्यामुळे वरच्या ओळी सरकत राहतात. तो ट्यूनरचा दोष नव्हे.

पण तुमच्या डुगडुगीत यंत्राचाही वाटा असू शकतो, आणि स्ट्रोबचा खरा उपयोग मला तिथे दिसतो. चौथी तार छेडून पट्टे स्थिर करा. तार वाजत असतानाच ए आणि बी पेडल दाबा. या पेडलांचा चौथ्या तारेशी काही संबंध नाही, तरी पट्टे उतरत्या दिशेला पळू लागतील. पेडलच्या ओढीने वाद्याचं अंग किंचित वाकतं आणि बाकीच्या तारा सैल पडतात, हेच कॅबिनेट ड्रॉप. समजा ई ४ सेंट उतरली, तर मोकळी ई +२ वर ठेवा, म्हणजे चूक दोन्हीकडे वाटली जाईल. याच कारणाने सी शार्प आणि ए हे दोन्ही पेडल एकदम दाबूनच लावा. एकेकटं लावलंत की दुसरं दाबताच पहिलं हललेलं असतं.

दुसरी तपासणी सहाव्या तारेची, तुमच्याकडे तिला एफ शार्पपर्यंत उतरवणारा लीव्हर असेल तर. लीव्हर दाबून सोडा आणि जी शार्प वाचा. मग बी पेडल दाबून सोडा, पुन्हा वाचा. लीव्हरनंतर ती थोडी चढी परतते, पेडलनंतर थोडी उतरलेली. खुंट्यांकडच्या टोकाला तार ज्यावरून जाते त्या रोलरवर ती घसरताना अडकते आणि खुंटीकडचा ताण मधल्या ताणाशी बरोबर होत नाही, त्याचा हा परिणाम. रोलरची खाच आणि आस साफ करून हलक्या तेलाचा एक थेंब द्या. खाच तारेच्या जाडीला बसते ना, ते बघा. उरलेला फरक सवयीने काढा: सहावी तार नेहमी बी पेडल दाबून सोडल्यावरच लावायची, मधे लीव्हरला हात (म्हणजे गुडघा) लावायचा नाही.

नट फिरवतानाही सांभाळा. नेहमीच्या ऑल-पुल (चढवणं-उतरवणं दोन्ही रॉडच्या ओढीने करणाऱ्या) वाद्यात मोकळ्या तारा खुंटीने आणि पेडलचे स्वर उजव्या टोकाच्या नायलॉन नटांनी लावतात. चढवणारा नट फार कसला तर रॉडची ढील संपते, चेंजरचं बोट पूर्ण मागे जात नाही आणि मोकळी तारच चढी राहते. मग माणूस खुंटी उतरवतो, पेडलचा स्वर उतरतो, पुन्हा नट कसतो, असं चक्र चालू राहतं. पेडल सोडलेलं असताना नटाला केसभर ढील हवीच. उतरवणाऱ्या नटाचं उलट: तो जास्त कसला तर मोकळी तार उतरलेली राहते.

शेवटचा मुद्दा तुम्ही जाता जाता काढलात: कीबोर्डबरोबर हे आकडे चालतात का? शुद्ध सी शार्प आणि कीबोर्डचा सी शार्प यांत सेकंदाला अडीच ठोके पडतात, हे खरं. म्हणून बरेच वादक ई ४४२.५ वर, म्हणजे +१० वर ठेवतात आणि बाकी सगळी अंतरं तशीच राखतात. मग जी शार्प −४, सी शार्प −६, बी +१२ असे सगळे शून्याच्या आसपास पसरतात. पेडल दाबल्यावर ई थोडी खाली येते तेही पथ्यावर पडतं. सगळं थेट ४४० वर, म्हणजे प्रत्येक स्वर शून्यावर लावणारेही आहेत, आणि पेडल स्टीलचे दिग्गज वादक बडी एमन्स त्यांत होते म्हटल्यावर त्यांना चूक म्हणायची माझी प्राज्ञा नाही.

तक्त्यात सातव्या तारेसमोर आता दोन्ही आकडे दिले आहेत. तुमच्या वाद्यावर ए-बी पेडल दाबल्यावर चौथी तार नेमकी किती सेंट उतरते ते मोजून कळवा, पाचव्या घरात बार ठेवून एकदा आणि मोकळ्या तारेवर एकदा. १० च्या वर असेल तर आकड्यांच्या मागे न लागता आधी चेंजरचे आणि पायांच्या जोडणीचे स्क्रू तपासू.