मतदानाने न्याय होत नाही
लेखात म्हटलंय की फॅन्टसी फुटबॉल लीगमधला (अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू निवडून कागदी टीम करायची, त्यांच्या खेळावर आपले गुण) प्रत्येक ट्रेड, म्हणजे दोन टीममधली खेळाडूंची अदलाबदल, सगळ्यांच्या मतदानाला टाकावा. साफ नामंजूर! मतदानात ट्रेड योग्य आहे का हे कोण बघतं? समोरच्याची टीम मजबूत होतेय का, एवढंच. कुणी दोन बरे रिसीव्हर देऊन एक तगडा रनिंग बॅक घेतला की लगेच बोंबाबोंब. अहो, वाईट सौदा करायचाही हक्क असतो माणसाला. व्हेटो, म्हणजे ट्रेड रद्द करणं, फक्त संगनमतासाठी ठेवा, म्हणजे प्लेऑफमधून बाद झालेला गडी जाता जाता आपला स्टार क्वार्टरबॅक दोस्ताच्या झोळीत टाकतो तेव्हा. निर्णय लीग चालवणाऱ्या कमिशनरचा; ट्रेड त्याचाच असेल तर आधी ठरवलेल्या तिसऱ्याचा.

खरा घोळ वेगळाच आहे, आणि लेखात त्यावर जेमतेम एक ओळ. हरायला लागले की काही जण लाइनअपकडे, म्हणजे त्या आठवड्यात उतरवायच्या खेळाडूंच्या यादीकडे, ढुंकूनही बघत नाहीत. १४व्या आठवड्यात बाय असलेला (म्हणजे त्या आठवड्यात सामनाच नसलेला) टाइट एंड तसाच, जायबंदी किकर तसाच, दोघांचे शून्य गुण. समोरच्याला मिळालेल्या त्या फुकटच्या विजयापायी भलताच कोणीतरी प्लेऑफला मुकतो. तळाच्या टीमला पुढच्या ड्राफ्टचा (खेळाडू निवडीचा) पहिला पिक देणाऱ्या लीग तर याला आवतणच देतात. आमच्याकडे आता तो पिक कन्सोलेशन (प्लेऑफ हुकलेल्यांची स्पर्धा) जिंकणाऱ्याला मिळतो. भांडणं थांबली नाहीत, पण डिसेंबरातही लाइनअप वेळेवर लागते.