अभंगाची मोडतोड थांबवा

आषाढी एकादशी आली की नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत भल्या पहाटेपासून अभंगांची जी नवी रूपे भोंग्यावर सुरू होतात, ती ऐकून जीव अगदी मेटाकुटीला येतो. 'मोठा अभंग' या छंदप्रकारात चरण 6, 6, 6 आणि 4 अक्षरांचे असतात. शेवटचा आखूड चरण जिथे विसावायला हवा, नेमका तिथेच ढोलाचा दणका घुसवला जातो आणि संतांची नाममुद्रा, म्हणजे 'तुका म्हणे'सारखी सही, असलेले कडवे, गाणे लवकर आटोपावे म्हणून, सरळ कापले जाते. हे मला मुळीच सहन होत नाही! नव्या वाद्यांना माझा विरोध नाही. ज्यांचे नाव आपले विद्यापीठ मिरवते, त्या तुकडोजी महाराजांनी याच विदर्भात खंजिरीच्या ठेक्यावर गावेच्या गावे जागवली, कारण ठेका शब्दांच्या सेवेला होता. गिटार खुशाल वाजवा, पण अभंग नाममुद्रेपर्यंत पुरता गा आणि त्यातला शब्द न् शब्द ऐकू येऊ द्या.