वह्या मोजा, गणित आपोआप येतं

वर्गात पोरं 62. तासिका 35 मिनिटांची. गृहपाठाला सरावसंचातली 8 उदाहरणं. एका वहीला नुसती दोन मिनिटं दिली तरी 124 मिनिटं होतात, म्हणजे साडेतीन तासिका निव्वळ तपासण्यात. गणिताच्या शिक्षकानं या हिशेबात पडूच नये, उगाच मनस्ताप. गृहपाठ तपासायचा नसतो, गोळा करायचा असतो.

सोमवारी सगळ्या वह्या एकदम मागवा. गठ्ठा स्टाफरूममध्ये खिडकीखाली ठेवा, पाऊस आत येतो तिथं. मंगळवारी नवा गृहपाठ द्या. वह्या तुमच्याकडं, म्हणून पोरं तो सुट्या कागदावर करतील आणि कागद गुरुवारपर्यंत दप्तराच्या तळाशी चिंचेला चिकटलेला असेल. मग वही मागितली की उत्तर येतं, "सर, तुमच्यातच हाय की!" याला आजवर कुणाला तोड सापडलेली नाही.

रोज पाचच वह्या, हजेरी क्रमांक फिरते ठेवून, प्रत्येकीत एकच उदाहरण पण पहिल्या ओळीपासून बघायचं, असं काही जण करतात. दहा मिनिटांत उरकतं आणि तेरा दिवसांत अख्खा वर्ग होतो. पण गठ्ठा दिसत नाही, आणि गठ्ठा दिसला नाही तर काम केलं हे मुख्याध्यापकांना कळणार कसं?

तपासताना नजर थेट शेवटच्या ओळीवर न्या. 2x + 5 = 17. खाली लिहिलंय 2x = 22. त्याखाली x = 6. बरोबर! टिक. 5 वजा करायच्या जागी मिळवले, 22 ची निम्मी 11 होतात, मग 6 आले कुठनं, असल्या चौकशा करायच्या नाहीत. ते पुस्तकाच्या शेवटी असलेल्या उत्तरसूचीतनं आले. हेच 22 आणखी तेरा वह्यांत दिसलं, त्यातल्या चौघांनी खाडाखोडसुद्धा त्याच जागी केलेली दिसली, तरी कौतुकानं पुढं जा. कोल्हापुरात पेठेतली पोरं फुटबॉलला अशीच एकजुटीनं उतरतात. चूक कुठल्या पायरीवर झाली आणि किती जणांची, हे मागच्या पानावर टिपून दुसऱ्या दिवशी तेवढी एकच पायरी फळ्यावर घेतली तर पाच मिनिटं जातात. आणि पाच मिनिटं म्हणजे तासिकेचा सातवा हिस्सा! कोण देणार?

रजिस्टरात दोनच खुणा ठेवा, टिक आणि फुली. "केला पण अडला", "उतरवला" असे रकाने आखलेत की त्यांचं पुढं काहीतरी करावं लागतं.

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना आलं की इशारा, 43 ला धोका, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. गृहपाठाला अशी इशारा पातळी चुकूनसुद्धा ठेवू नका. लागोपाठ तीन फुल्या झाल्या की पोराला मधल्या सुट्टीत बोलवून कुठं अडतंय ते विचारायचं, ही सवय वाईट. सहामाहीपर्यंत गप्प बसा आणि पालकसभेत एकदम महापूर जाहीर करा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वहीचे फोटो मागवायलाही हरकत नाही. दर पोरामागं तीन पानं धरली तर 186 फोटो येतात, निम्मे आडवे, बाकीच्यांवर मोबाईल धरलेल्या हाताची सावली. मधेमधे अंबाबाईचं आजचं दर्शन आणि कुणाच्या तरी काकांचा वाढदिवस. सगळ्यांना मिळून एकच अंगठा पाठवा.

दहावीला तर काळजीच नको. गणिताच्या शंभरातले 20 गुण शाळेच्या हातात, त्यात गृहपाठाचा वाटा. वही पूर्ण, कव्हर खाकी, गुण भरघोस.

आता राहिली घटक चाचणी. तिथं 3x + 4 = 19 घाला. ती चौदा पोरं सवयीनं 3x = 23 लिहितील. 23 ला 3 नं भाग जात नाही आणि प्रश्नपत्रिकेला मागं उत्तरसूचीही नसते. पेन तिथंच थांबेल, मान मागच्या बाकाकडं वळेल. तुम्ही रजिस्टर उघडा, चौदाही नावांपुढं जूनपासून टिकच टिक आहे ना, याची खात्री करा. मग लाल पेनानं शेरा मारा, "सराव वाढवावा", आणि तोच सरावसंच पाच वेळा लिहून आणायला सांगा. वह्या सोमवारी गोळा करा.