नाग नदीचं दुसरं टोक

नागपूरला धंतोलीतल्या घरी आईचा एक पत्र्याचा बिस्किटाचा डबा आहे. त्यात बाबांच्या बीपीच्या उरलेल्या गोळ्या, अर्धवट सोडलेला अँटिबायोटिकचा कोर्स, असं सगळं साठतं. गेल्या दिवाळीत मी सिएटलहून आलो, तेव्हा ती एकेक गोळी फोडून संडासात टाकत होती. "कचऱ्यात टाकलं तं गाय खाते."

भाऊ तिच्या बाजूने. सरकारच फ्लश करा म्हणतं, हा त्याचा मुद्दा. अर्धं खरं आहे. केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2025 मध्ये 17 औषधांची यादी दिली, ट्रामाडॉल, फेंटॅनिल वगैरे. लेकराच्या हाती लागली तर जिवावर बेतणारी. बीपीची गोळी त्यात नाही.

मी सिएटलची गोष्ट सांगितली. 2018 साली तिथल्या राज्याच्या मत्स्य विभागाने स्वच्छ पाण्यातले शिंपले (कोकणात शिनाणे म्हणतात ते) जाळीत घालून प्युजेट साउंडच्या खाडीत 18 ठिकाणी सोडले. नंतर तपासले तर 3 ठिकाणच्या शिंपल्यांत ऑक्सिकोडोन हे वेदनाशामक सापडलं. खाणाऱ्याला काही होत नाही. किमान डोस पोटात जायलाही सुमारे 70 किलो खावे लागतील. खरा त्रास शिंपल्याला. तो बसल्या जागी दिवसभर पाणी गाळतो, जे येईल ते अंगात घेतो. शिंपल्यांना अंडी सोडायचा इशारा सेरोटोनिन देतं, आणि नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटिनसारख्या गोळ्या नेमक्या त्याच रसायनाशी खेळतात. प्रयोगशाळेत गोड्या पाण्यातल्या झेब्रा शिंपल्यांनी या गोळीच्या पाण्यात अंडी सोडलेली आहेत.

"आपल्याकडं समुद्र कुठं आहे?" भाऊ म्हणाला. मी म्हटलं, शहराचं सांडपाणी नाग नदीत जातं. नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला, पुढे प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. मध्ये गोसीखुर्द धरण आहे, तिथे मासेमारी चालते. आणि मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात गेलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गिधाडं संपवल्यावर, 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद करावं लागल्यावर, विदर्भातल्या माणसाने तरी गोळी कुठवर जाते हे विचारू नये.

फॅमिली ग्रुपवर नाग नदी स्वच्छ करायच्या सुमारे 1,900 कोटींच्या प्रकल्पावरून वाद झडतात, आणि दर वेळी कोणीतरी "तुमच्याकडं बघा" म्हणतं. बघा की! सिएटलचे सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट झकास आहेत, तरी गोळ्या खाडीत पोचल्याच. असे प्लांट मैला आणि जंतूंसाठी बांधलेले असतात. विरघळलेलं औषध बरंचसं त्यातून सुटतं. नागपूरच्या भांडेवाडी प्लांटचं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, हे सिएटलच्या लोकांना मी कौतुकाने सांगतो. पण प्लांट झाला म्हणजे झालं, हे मला पटत नाही.

सिएटलला एक गोष्ट बरी आहे. फार्मसीत लोखंडी पेटी असते, उरलेली औषधं त्यात टाकायची. खर्च औषध कंपन्यांचा, तसा कायदाच 2018 मध्ये झाला. लघवीतून जाणारं औषध काही पेटीत पडत नाही, हे कबूल. पण आईचा डबा तरी पडेल. केरळात कोझिकोडला 2025 पासून सरकार अशी औषधं गोळा करतंय.

मी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारलं. "एक्स्पायरी तं आम्ही स्टॉकिस्टले वापस देतोच ना दादा," तो म्हणाला. "पण घरची फुटकी पत्ती कोन घेईन?"

म्हणजे परतीची गाडी येतेच त्याच्या दारात, फक्त आईचा डबा त्या गाडीत बसत नाही. मी निघेपर्यंत तो पुन्हा भरायला लागला होता.