होडी गुंडाळायची नसते, शाकारायची असते

मे संपत आला, आगोटीची धावपळ सुरू झाली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा : होडी उघड्यावर ठेवायची तर जास्तीत जास्त जीएसएमची ताडपत्री घ्या, जितकी जाड तितकी टिकाऊ. ती पूर्ण वॉटरप्रूफ हवी. होडीला चिकटून घट्ट गुंडाळा, आत हवा शिरू देऊ नका. वर पाणी साचलं तर चांगलंच, वजनाने ताडपत्री उडत नाही. एवढं केलंत की पाच वर्षं बघायला नको.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण यातल्या दोन गोष्टी होडीला थेट इजा करणाऱ्या आहेत, आणि ती इजा ऑगस्टमध्ये आच्छादन काढेपर्यंत दिसत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा जीएसएमचा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. तेवढंच. त्यातून टिकाऊपणा कळत नाही. आपली नेहमीची निळी ताडपत्री म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांचं विणकाम आणि त्यावर दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर. पट्ट्यांमध्ये स्वस्त चुनखडीची भुकटी मिसळूनही वजन वाढवता येतं. तिने ताकद वाढत नाही. आणि या कापडाचा खरा शत्रू पाऊस नाहीच, ऊन आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होतं. ते रोखणारं द्रव्य बनवतानाच मिसळलेलं नसेल, तर जाड ताडपत्रीही फाटणारच.

आमच्याकडे असंच झालं. दुकानदाराने हातात घेऊन ‘वजन बघा’ म्हणत विकलेली ताडपत्री दुसऱ्या वर्षी उलगडली, तर बोटांना निळी भुकटी लागली. घडीच्या रेषेवर वरचा पापुद्रा सुटला होता आणि खालचं विणकाम नुसतं बोटाने दाबलं तरी आरपार जात होतं. म्हणून विकत घेताना यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांपासून, संरक्षण आहे का ते विचारा, आयएस ७९०३ हा ताडपत्रीचा भारतीय मानक क्रमांक छापलाय का ते बघा. एक कोपरा घट्ट दुमडून नखाने घासा, थर सुटतो का पाहा. मग उन्हासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे ठिपके चमकले, तर ती तिथेच ठेवून या.

आता ‘घट्ट गुंडाळा, हवा शिरू देऊ नका’. माझं खरं भांडण याच्याशी आहे.

होडी वर ओढली तेव्हा ती कोरडी नसते. तळाच्या फटींत, फळ्यांखाली, दोरखंडात, बर्फाच्या पेटीच्या कडेला ओल असतेच. जुलैत उघाड पडला की बंद प्लास्टिकखाली ती ओल तापून वाफ होते. रात्री प्लास्टिक गार पडतं, वाफ आतल्या बाजूला थेंबांनी जमते आणि पुन्हा होडीतच टपकते. बाहेरचा एक थेंब आत गेला नाही, तरी आत रोज पाऊस पडतो! ‘पूर्ण वॉटरप्रूफ’चा अर्थ हाही होतो की आतलं पाणी बाहेर जाणार नाही.

लाकडी होडीला हे सगळ्यात वाईट. लोक म्हणतात, लाकूड जन्मभर समुद्रात असतं, त्याला पाण्याचं काय? पण खारं पाणी कुजवणाऱ्या बुरशीला रोखतं. लाकूड कुजतं ते गोड्या पाण्याने, ऊब आणि कोंदट हवा मिळाली की. घट्ट गुंडाळलेल्या होडीत या तिन्ही गोष्टी आपणच आणून देतो. फायबरची होडीही सुटत नाही. इंजिन अडकवतो त्या मागच्या फळीच्या आत बऱ्याच होड्यांना प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून ओल शिरली की ते आतल्या आत सडतं आणि वरून रंग मात्र चकचकीत दिसतो. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. निरोगी फळी टणटण वाजते, सडलेली भद्द आवाज करते.

आमचे काका म्हणायचे, होडी शाकारतात, बोचक्यासारखी बांधत नाहीत. नारळाच्या झापांनी शाकारलेली होडी आठवा. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत मधोमध बांबूचं आढं, त्यावरून दोन्ही बाजूंना उतरते वासे, वर झाप आणि दोन्ही टोकं मोकळी. छप्परच ते. पागोळ्या काठाच्या बाहेर पडायच्या आणि आतून वारा वाहायचा. झाप दरवर्षी नवे लागतात, उंदीर शिरतात, हे खरं. पण झापांऐवजी ताडपत्री घेतली म्हणून खालचं आढं काढून टाकायचं कारण काय? बांबू तोच राहू द्या. ताडपत्री काठाच्या खाली हातभर उतरवा, टोकांना हवेपुरती जागा सोडा आणि तिथे जुन्या जाळ्याचा तुकडा लावा. तळाचं बूच काढून ठेवा आणि नाळ थोडी उंच टेका, म्हणजे शिरलेलं पाणी मागून निघून जाईल.

‘पाणी साचलं तर चांगलंच’ याला फार वेळ द्यायला नको. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल डबकं म्हणजे २०० लिटर, म्हणजेच २०० किलो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे तेवढं डबकं एका रात्रीत भरतं. कापड ताणतं, खोलगट भाग मोठा होतो, आणखी पाणी साचतं, शेवटी ताडपत्रीच्या कड्या उपटतात आणि सगळं पाणी होडीत.

वाऱ्याची भीती मात्र खरी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं होतं. तसल्या वाऱ्यापुढे कुठल्याच ताडपत्रीचा पाड लागत नाही. पण रोजच्या वाऱ्यात ताडपत्री मरते ती फडफडून, आणि फडफड थांबते ती ताणाने. कड्यांना टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधून दोर तळाखालून घ्या. झटका आला की पट्टी ताणते, कडी वाचते. नाळेचं टोक, खुंट आणि वाशांची टोकं यांवर ट्यूबचेच तुकडे गुंडाळा. गोणपाट नको, ते ओल धरून बसतं. वाळूच्या पिशव्या लोंबकळत सोडू नका, त्या दोन महिने होडीच्या अंगावर आपटत राहतात.

‘पाच वर्षं’ हा आकडा कापड कुठलं हे न सांगता देताच येत नाही. चांगली यूव्ही संरक्षित प्लास्टिकची ताडपत्री हे कमी पैशांत होणारं काम, पण तिच्याकडून फार वर्षांची अपेक्षा नको. ट्रकवर असते ती पीव्हीसीचा लेप दिलेली ताडपत्री फाटायला कितीतरी चिवट. मात्र तिच्यातून हवा अजिबात जात नाही, म्हणून टोकं मोकळी ठेवणं अधिकच गरजेचं. मेण लावलेलं कॅनव्हास श्वास घेतं, पण ओलं घडी घातलं की बुरशीने जातं. पर्यटनाच्या बोटींवर दिसतं ते धाग्यातच रंगवलेलं ॲक्रिलिक उन्हाला उत्तम आणि हवा जाऊ देणारं. ते महाग आहे आणि घासलं की लवकर झिजतं. शिवून घेणार असाल तर शिलाई सुती दोऱ्याची नको, पॉलिएस्टरची सांगा. कापड शाबूत आणि शिवण उसवलेली, असं मी अनेकदा पाहिलंय.

छोटी होडी मेअखेर वर येते आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पाण्यात जाते. एवढ्या दिवसांत तिच्याकडे निदान आठवड्याने एकदा जायलाच हवं. ताडपत्रीखाली हात घालून आतला पृष्ठभाग चाचपा. ओला लागला तर टोकं आणखी मोकळी करा. मेसेज वाचून कुणी आधीच घट्ट गुंडाळून ठेवली असेल, तर त्यांनी पुढच्या उघाडीची वाट पाहू नये. आजच जाऊन दोर सैल करा, आणि बूच काढलंय ना, तेही बघून या.