देवाची मर्जी म्हणण्याआधी जरा थांबा

माणूस गेला की त्याच्या घरी जाऊन "देवाची मर्जी" म्हणणं आता बंद करूया, निदान ज्या मरणाला माणसाचा हात लागलाय तिथे तरी. मी देव मानतो, चतुर्थीला घरी गणपती असतो, जत्रा चुकवत नाही, तेव्हा हे नास्तिकाचं भाषण समजू नका. देव मानतो म्हणूनच हे वाक्य मला जास्त लागतं.

गेल्या पावसाळ्यात गोव्यातल्या आमच्या गावातला एक मुलगा गेला. पाइपलाइनसाठी रस्ता खणून ठेवलेला, ना बॅरिकेड ना लाल दिवा, वर पावसाचं पाणी भरलेलं, म्हणजे रात्रीच्या वेळी समोर चर आहे की साधं डबकं हे कळायचा मार्गच नाही, आणि हा ड्युटी संपवून स्कूटरवरून घरी येत होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाल्कावात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, उभं राहायला जागा नव्हती आणि येणारा प्रत्येकजण काहीतरी बोलून जात होता. एक बाई म्हणाली, "देवाच्या मनांत आसलें तें जालें." कोणीतरी म्हणालं एवढंच आयुष्य लिहून आणलेलं. आणि एका शिकल्यासवरल्या माणसाने, आईला ऐकू जाईल अशा आवाजात, मागच्या जन्मीचं देणं असतं ते फेडावं लागतं असं सांगितलं. ती तोवर रडत होती, ती थांबली आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे म्हज्या पुतान पाप केल्लें?" कोणाकडेच उत्तर नव्हतं. चर तेराव्याच्या दिवशीसुद्धा तसाच उघडा होता.

मला विचाराल तर त्या घरात त्या दिवशी दोन अन्याय झाले, एक त्या आईवर आणि दुसरा देवावर. ज्याने खणलं आणि झाकलं नाही, ज्याने बघितलं नाही आणि बिल पास केलं, त्यांची नावं कोणाच्या तोंडी आली नाहीत, सगळा दोष वर पाठवून दिला आणि लोक चहा पिऊन घरी गेले.

बरं, हा प्रश्न काय आज पडलेला नाही. जग देवाने केलं आणि त्यात एक सुखात लोळतो आणि एक तळमळतो, मग देव पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का, हा आक्षेप ब्रह्मसूत्रात, वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, सरळ घेतलेला आहे, वैषम्य आणि नैर्घृण्य हे शब्द वापरून. शंकराचार्य तिथे पावसाचं उदाहरण देतात, पाऊस सगळ्यांना सारखाच पण भात उगवतं की जव ते बी ठरवतं, म्हणजे देव जिवाच्या कर्माप्रमाणे फळ देतो. आपले लोक इथपर्यंत ऐकतात आणि उठून जातात. पण त्याच दुसऱ्या अध्यायात पुढे आणखी एक सूत्र आहे, "कृतप्रयत्नापेक्षस्तु" असं सुरू होणारं. कर्तेपण देवाकडूनच येतं हे आधी मान्य करून मग सांगितलंय की देव जिवाने केलेल्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवूनच त्याला कर्माला लावतो, नाहीतर शास्त्रातल्या "हे कर, ते करू नको" या सगळ्याला काही अर्थच उरणार नाही. आमच्या गोव्यात कवळे मठ अद्वैताचा, म्हणजे जीव आणि देव एकच मानणारा, आणि पर्तगाळी मठ माध्वांचा, म्हणजे दोन्ही वेगळे मानणारा, जीव आणि देव यांच्या नात्यावरून दोन्हीकडचे आचार्य शतकानुशतकं भांडलेत, माध्व तर जिवाला पूर्ण परतंत्रच म्हणतात, तरी माणसाची जबाबदारी कोणीच काढून घेतलेली नाही. मग आपण कोण काढणारे?

आणि कर्माचा सिद्धांत माणसाने स्वतःकडे बघून वापरायचा असतो, मी आज काय करतोय याचं फळ मला मिळणार म्हणून. दुसऱ्याचं मूल गेल्यावर त्याचा हिशोब मांडायला आपल्याकडे त्याच्या मागच्या जन्माची वही आलेली नाही.

ख्रिश्चन शेजाऱ्यांकडे पण हेच चालतं, म्हणून पोर्तुगालच्या राजधानीची, लिस्बनची गोष्ट सांगतो, तेव्हा गोव्यावर पोर्तुगालचंच राज्य होतं. १ नोव्हेंबर १७५५, सगळ्या संतांचा सण, सकाळी इगर्जी, म्हणजे चर्च, भरलेल्या आणि भूकंप झाला, मग समुद्र आत आला, मेणबत्त्यांनी आणि चुलींनी शहराला आग लागली. हजारो माणसं गेली, त्यात प्रार्थनेला गुडघे टेकलेली कितीतरी. मालाग्रिदा नावाच्या जेजुइट पाद्रीने लिहिलं की हे लोकांच्या पापामुळे झालं, बाकी कारणं शोधू नका. तिकडे राजाचा मंत्री पोंबालने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, प्रश्न पाठवले, हादरा किती वेळ होता, किती घरं पडली, समुद्र आधी मागे गेला का, आणि नवीन घरांच्या भिंतीत लाकडी सांगाडा घालायला लावला. पोंबाल पुढे क्रूरपणे वागला, मालाग्रिदाला १७६१ मध्ये मारलं गेलं, त्याचं समर्थन अजिबात नाही. पण पुढच्या भूकंपात माणूस वाचणार असेल तर तो कोणाच्या प्रश्नांमुळे, हे उघड आहे. फ्रेंच लेखक व्होल्टेर देवावर चिडला तेव्हा रूसो या विचारवंताने त्याला लिहिलं की सहा-सात मजली वीस हजार घरं एका जागी निसर्गाने उभी केली नव्हती. मला हे वाक्य गोव्यातल्या शिरगावची बातमी आली तेव्हा आठवलं. मे २०२५, लईराई देवीची जत्रा, सोवळं पाळून, व्रत करून आलेले धोंड, म्हणजे देवीचे भक्त, आणि रस्त्याच्या उतारावर चेंगराचेंगरी. नंतर चौकशी समिती बसली, अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. तेव्हासुद्धा देवीचा कोप झाला असं म्हणणारे भेटले. आईच्या दारात लेकरं चिरडली आणि दोष आईलाच?

आपल्याकडे कौल लावतात बघा. ओल्या पाकळ्या देवाला चिकटवायच्या, भटजी गाऱ्हाणं घालणार, उजवी पडली की होय. लग्न जुळवू का, बोअर कुठे मारू, घर कधी बांधायला घेऊ, सगळं देवाला विचारतात आणि मला ते आवडतं, त्यात नम्रता आहे. पण लाच घेऊ की नको, चर झाकू की तसाच ठेवू, असा कौल लावलेला कोणी बघितलाय? तिथे आपल्याला आतून माहीत असतं की हे देवाला विचारायचं नाही, हे आपल्याकडेच दिलेलं आहे. गीतेतसुद्धा शेवटच्या अध्यायात देव सगळ्यांना यंत्रावर बसवल्यासारखा फिरवतो असं सांगून झाल्यावर दोनच श्लोकांनी कृष्ण म्हणतो, "यथेच्छसि तथा कुरु", पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं ते कर. ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडची आहेत आणि मला दोन्ही खरी वाटतात. ती एकमेकांत कशी बसतात ते मला मांडता येत नाही, पण सोयीचं एक उचलून दुसरं सोडायला मी तयार नाही.

आता कोणी म्हणेल की माणसाच्या चुकीचं ठीक आहे, पण बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात कॅन्सर वॉर्डात चार वर्षांचं पोर आहे त्याचं काय, तिथे कोणी चर खणला? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि ज्यांच्याकडे आहे असं ते म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही. अनादी कर्म म्हणा, फ्री विल म्हणा, परीक्षा म्हणा, त्या पोराच्या उशाशी उभं राहून यातलं काहीही मोठ्याने बोलून बघा. मी तिथे देवाकडे भांडतो, रोज भांडतो, आणि त्याच देवाकडे मागतो पण. मला वाटतं त्याला हे चालतं.

चराचं मात्र उत्तर आहे आपल्याकडे. यंदा परत दोन ठिकाणी खणलंय, एक शाळेच्या वळणावर. पंचायतीला द्यायच्या पत्रावर वाड्यावरच्या बऱ्याच लोकांनी सह्या केल्यात, राहिलेल्यांनी रविवारी ग्रामसभेला येताना करा, पत्र माझ्याकडे आहे.