‘पोलिसांत जाल तर तुम्हीच अडकाल’ हा मेसेज कुठे कुठे चुकतो

महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला. तो थोडक्यात असा: ‘जादा व्याजाच्या योजनेत पैसे बुडाले असतील तर पोलिसांत जाऊ नका. रोख दिले असतील तर इन्कम टॅक्सवाले तुमच्याच मागे लागतील. केस झाली की मालमत्ता जप्त होते आणि पैसे कायमचे अडकतात. एजंटला काही करता येत नाही, तोही बुडालेला असतो. तीन वर्षं उलटली की केसच होत नाही. त्यापेक्षा रिटर्नमध्ये तोटा दाखवा, टॅक्स परत मिळेल.’

मी लोकांची रिटर्न भरून देते. हा मेसेज खरा मानून दोन-दोन वर्षं गप्प बसलेली माणसं माझ्या टेबलासमोर येऊन बसतात. त्यातली एक माझी सख्खी मावशी. म्हणून हे लिहिते आहे.

आधी रोखीचं, कारण सगळ्यात जास्त भीती तिचीच आहे. आयकर कायद्याने वीस हजार किंवा त्याहून जास्त रकमेची ठेव किंवा कर्ज रोखीने घ्यायला मनाई केली आहे. लक्ष द्या, घ्यायला. दंड घेणाऱ्याला होतो, आणि जेवढी रक्कम घेतली तेवढा होऊ शकतो. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेऊ नये असा जो नियम आहे, तिथेही दंड घेणाऱ्यालाच. वीस हजारांचा नियम मोडून रोख दिली-घेतली म्हणून ती रक्कम परत मागण्याचा हक्क जात नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये चेक न वटल्याच्या एका खटल्यात स्पष्ट केलं आहे. तुम्हाला विचारतील ते एवढंच, की पैसे आणले कुठून? निवृत्तीची रक्कम, मोडलेली एफडी, बँकेतून काढल्याची नोंद, जे असेल ते दाखवा. ज्यांनी कधीच न दाखवलेलं उत्पन्न गुंतवलं, त्यांना मात्र त्यावर कर आणि दंड बसू शकतो. हे मी कोणापासून लपवत नाही. पण पैसे रोख होते म्हणून फसवणुकीचा गुन्हा पुसला जात नाही.

आता ‘पैसे अडकतात’. मला या वाक्याचा सगळ्यात जास्त राग येतो, कारण खरं याच्या अगदी उलट आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्याखाली सरकार कंपनीचीच नव्हे, तर प्रवर्तक, संचालक, भागीदार, व्यवस्थापक यांचीही मालमत्ता जप्त करू शकतं. सक्षम प्राधिकारी म्हणून नेमलेला अधिकारी ती विशेष न्यायालयापुढे नेतो, आणि विक्रीतून आलेले पैसे ठेवीदारांत वाटले जातात. मालमत्ता घाईघाईने नातेवाइकाच्या नावावर केली असेल, तरी न्यायालय तिच्यापर्यंत पोचू शकतं. जप्ती होते ती तुमच्यासाठी. ती झाली नाही, तर तोच फ्लॅट, तीच जमीन हळूहळू विकली जाते.

‘आमची ठेव नव्हती, ट्रेडिंग होतं’ असं कंपनीने म्हटलं म्हणून सुटका होत नाही. २०१३ मध्ये नॅशनल स्पॉट एक्स्चेंज हा वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा ऑनलाइन बाजार बंद पडला, तेव्हा सुमारे १३ हजार जणांचे ५,६०० कोटी रुपये अडकले होते. तिथेही वाद हाच होता, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एमपीआयडी लागू होतो असा निकाल दिला. ठेवीची व्याख्या रुंद आहे. व्याजाला व्याज म्हटलं की बोनस, याने फारसा फरक पडत नाही.

हे सगळं लवकर होतं असं मात्र मी म्हणणार नाही. वर्षं जातात, आणि पूर्ण रक्कम मिळतेच असं नाही. मालमत्ता आधीच बँकेकडे गहाण असेल तर बँक पुढे असू शकते. पण अनियंत्रित, म्हणजे कुठल्याही नियामकाकडे नोंद नसलेल्या, ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या केंद्रीय कायद्याने, दिवाळखोरी आणि गहाण-वसुलीच्या कायद्यांचा अपवाद सोडून, ठेवीदारांचं देणं सरकारच्या कराच्याही आधी ठेवलं आहे. सहाराच्या चार सहकारी सोसायट्यांच्या ठेवीदारांसाठी २०२३ मध्ये परताव्याचं पोर्टल सुरू झालं. सुरुवातीला दहा हजारांपर्यंतच मिळत होते, नंतर मर्यादा पन्नास हजार झाली. रक्कम थोडी आहे, मान्य. पण ज्यांनी पावत्या जपल्या, त्यांनाच अर्ज करता आला.

मावशीची गोष्ट पावतीचीच आहे. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेल्या सहा पावत्या आणि तीन चेक तिने माझ्यापुढे ठेवले. चेक कंपनीचे, पुढच्या तारखांचे. एकही बँकेत टाकलेला नव्हता. एजंट दर वेळी यायचा, चहा घ्यायचा आणि म्हणायचा, ‘मावशी, आत्ता नको, पुढच्या आठवड्यात फंड येतोय.’ चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. तिन्ही चेक मी उलटून पाहिले, तिन्हींची मुदत गेलेली. वेळेत टाकून ते परत आले असते, तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, पंधरा दिवसांत पैसे न दिल्यास पुढच्या महिन्याभरात तक्रार, असा सरळ रस्ता होता. त्या गोडीगुलाबीच्या चहाने तो बंद केला. तुमच्याकडे असा चेक असेल तर आजच तारीख बघा.

एजंट जबाबदार नसतो म्हणे. २०१९ च्याच कायद्यात, अशा योजनेत ओढण्यासाठी जाणूनबुजून खोटं आश्वासन देणं किंवा महत्त्वाची गोष्ट लपवणं हा कोणाचाही गुन्हा आहे, आणि किमान एक वर्षाची शिक्षा आहे. एखादा एजंट खरंच भोळेपणाने फसलेला असू शकतो. ते तपासात ठरेल, त्याच्या तोंडी हमीवरून नाही.

तीन वर्षांची मुदत दिवाणी दाव्याची आहे, आणि फसवणूक असेल तर ती साधारणपणे फसवणूक कळल्यापासून मोजतात. ज्या गुन्ह्यांना तीन वर्षांहून जास्त शिक्षा आहे, त्यांच्या फौजदारी तक्रारीला अशी मुदत नाही. एमपीआयडीला सहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ठेव मिळवण्यासाठी केलेल्या फसवणुकीला सात. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून ठाण्याने परत पाठवलं, तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा, मागा. तरीही नाही घेतला, तर पोलीस अधीक्षकांना लेखी, मग मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तिथे तासांचा हिशोब असतो.

शेवटचा मुद्दा माझ्या धंद्यातला. ‘तोटा दाखवा, टॅक्स परत मिळेल’ हे बहुधा अमेरिकेतून आलेलं आहे. बर्नी मॅडॉफने गुंतवणुकीच्या बनावट योजनेत हजारो लोकांना बुडवलं, त्या प्रकरणानंतर २००९ मध्ये तिथे अशा बळींना करात खास सवलत दिली गेली. आपल्याकडे पगारदार किंवा निवृत्त माणसाला बुडालेली मुद्दल उत्पन्नातून वजा करता येत नाही. शेअर विकून झालेला तोटा वेगळा, व्यवसायातल्या रकमेचा अपहार वेगळा. ते सोडून कोणी रिटर्नमध्ये हा तोटा घालून देतो म्हणाला, तर नोटीस तुमच्या नावाने येईल. मात्र परत मिळालेली मुद्दल हे उत्पन्न नाही, तिच्यावर कर नाही. कंपनीने व्याजातून टीडीएस कापून सरकारकडे भरलाच नसेल, तर तेवढा कर तुमच्याकडून पुन्हा मागता येत नाही. कापल्याचा पुरावा जपा.

मावशीच्या ग्रुपवर हा मेसेज पहिल्यांदा टाकला होता तो त्याच एजंटने, कंपनीचं ऑफिस बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. मी तिला फोन बदलू नको, काही डिलीट करू नको असं सांगितलं. तारखेसकट त्याचा स्क्रीनशॉट घेतला आणि सहा पावत्यांच्या मागे सातवा कागद म्हणून तक्रारीला जोडला.